दहावं गाडगं

१४ एप्रिल

आज आले. डोंगरावरच्या त्या चौथ्या मजल्यावरच्या खुराड्याला कुलूप लावलं, किल्ली मालकाच्या हातात ठेवली आणि मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. होतं काय तिथे? जिने. इथे खाली हवा मऊ आहे, द्राक्षमळ्यांना कोंब आलेत, आणि गेरोल्डच्या प्लॉटवर माझ्यासाठी चाकांची एक खोली उभी आहे. आत शेगडी, पलंग, खिडकीला पडदा. पडदा मिर्यामने शिवलाय. टाके वाकडे आहेत, पण सुनेने शिवला हेच पुष्कळ.

गेरोल्ड माझा एकुलता एक. एकेचाळिसाव्या वर्षी त्याला घर बांधायची हुक्की आली, तीही स्वतःच्या हातांनी, सुट्टीच्या दिवशी. बाप गवंडी होता म्हणून पोराला वाटतं, हात आपोआप चालतील. त्याच्या बापाची, ओटमारची थापी मी येताना सोबत आणली. निदान बघायला तरी होईल.

ही वही त्यानेच दिली. घर बांधणाऱ्याने अशी वही ठेवायचीच असते म्हणे: कोण आलं, काय केलं, हवा कशी होती. उद्या कुणाशी वाजलं तर वकिलापुढे टाकता येते. त्याला वेळ नाही, म्हणून मी. माझी शाळा बटाटे काढायच्या दिवसांत बुडायची ती बुडालीच, पण ऊन आणि पाऊस मला लिहिता येतं. आज ऊन.

जेवायला मसूर आणि शेवया केल्या. मिर्यामने सॉसेजचा वास आल्यावर नाक मुरडलं आणि बाहेर गेली. दोघं मला काही सांगत नाहीत. मी काय आंधळी आहे?

१९ एप्रिल

ऊन, वारा. जुन्या घराचं तळघर आज फोडलं. ते घर एका सुईणीचं होतं, ती जाऊनही जमाना झाला. पाडलेल्या भिंतींची खडी करून तीच नव्या घराखाली भरायची असं गेरोल्डने ठरवलंय. बरोबरच आहे. आमच्यात वाकडा खिळासुद्धा ठोकून सरळ करतात आणि पुन्हा वापरतात.

तळघराच्या जमिनीत, भिंतीच्या कडेने, मातीची गाडगी निघाली. झाकण लावून उपडी पुरलेली, ओळीने, दहा. यंत्रावरचा माणूस ओरडला, "आजीबाई, खजिना! अर्धा माझा!" मी एक उघडून त्याच्या नाकाखाली धरलं. आत नुसती काळी, चिकट, भुशासारखी माती. म्हटलं, घे तुझा अर्धा. एका गाडग्याला यंत्राचा दात लागून ते फुटलं, ते खडीत टाकलं. बाकी नऊ धडधाकट, आतून चकचकीत. असली गाडगी आता बनतात कुठे? आतली माती बैठकीच्या जागी खडीवर झटकली, गाडगी घासूनपुसून उन्हात वाळवली आणि त्यांत सुपासाठी पार्सली लावली. गेरोल्ड हसला, म्हणाला, आई, तू प्रेतयात्रेतूनसुद्धा दोरी वाचवून आणशील. मग? दोरी चांगली असली तर आणीनच.

९ सप्टेंबर

ढगाळ. घर उभं राहिलं, छप्पर बसलं, खिडक्या लागल्या. आता तळ उरलाय आणि डोक्याला ताप सुरू झालाय.

चूल नको, शेगडी नको. ऊब जमिनीतून येणार. गरम पाण्याच्या नळ्या खोल्याखोल्यांतून गोगलगायीसारख्या गोल फिरवून ठेवल्यात. त्यांच्यावर कोबा ओतायचा. आता कोबा सिमेंटचा की जिप्समचा, यावर तीन आठवडे चर्चा चाललीय. गेरोल्डने कागदावर दोन रकाने पाडलेत. ओटमारने आयुष्यात हजार घरांचे कोबे केले, रकाना एक पाडला नाही.

कोबेवाला रेफूस येऊन गेला. म्हणाला, जिप्समचा करा, पातळ असतो, दुधासारखा ओततात, नळीला अंगभर मिठी मारतो, ऊब चटकन वर येते. नळवाला म्हणाला, तेच खरं. गेरोल्डच्या कचेरीतला कुणीतरी म्हणाला, अजिबात नको, सिमेंटच. मला कुणी विचारलं नाही, म्हणून मी सांगितलं. सिमेंट म्हणजे सासू. वाळायला वेळ लावते, कडेने वर उचलते, पण टिकते. जिप्सम म्हणजे पाव. पाणी दिसलं की पितो आणि फुगतो. खालून ओल आली तर काय करशील?

गेरोल्ड म्हणाला, ओल येईल कुठून? खाली काँक्रीट, त्यावर प्लास्टिक, त्यावर थर्माकोल, पुन्हा प्लास्टिक. मी म्हटलं, ओल कागद वाचत नाही.

२३ सप्टेंबर

पाऊस. शेवटी जिप्सम. कारण पोट. सिमेंटचा कोबा तीन आठवडे नुसता निजून राहतो, मग तो तापवायचा, मग वाळवायचा. जिप्समचा आठवड्याने तापवता येतो. मिर्यामची तारीख नोव्हेंबरच्या शेवटी, भाड्याची जागा सोडायचा कागद देऊन झालाय. बाळ घरी येईल तेव्हा जमीन कोरडी आणि उबदार हवी, बाकी मला काही नको, असं मिर्याम म्हणाली आणि रडली. ती रडल्यावर रकाने मिटले. मीही सिमेंटचं नाव सोडलं. बाळाला ओल्या जमिनीवर निजवायचं नाही हे खरंच. पोट दिसायला लागल्यापासून ती मला ओमा म्हणते. नातवंड अजून आत, आणि मी आजी होऊन बसले.

तिला पार्सली घालून सूप दिलं. यंदा पार्सली बेफाम वाढलीय. सावलीत ठेवली तरी.

७ ऑक्टोबर

ऊन, थंडी. कोबा ओतला. सकाळी सातला गाडी आली, जाड पाइप खिडकीतून आत घेतला आणि धिरड्याचं पीठ ओतावं तसं घरभर ओतलं. रेफूस दांडीने थोपटत मागे मागे सरत आला. दुपारी आरशासारखी जमीन. मान्य करते, देखणं काम. पूर्वेकडच्या लहान खोलीत पाळणा राहणार, तिथली जमीन तर दुधाच्या सायीसारखी.

दोन दिवस दारं-खिडक्या बंद. मग रोज तीन वेळा दहा-दहा मिनिटं सगळं उघडायचं. हे काम माझं. रेफूसने मला कसं उघडायचं तेही शिकवलं. साठ वर्षं खिडक्या उघडतेय मी.

१४ ऑक्टोबर

धुकं. तापवणं सुरू. भिंतीवर तक्ता लावलाय: चार दिवस पंचवीस अंश, मग रोज पाच अंश वर, मग तसंच खाली. रोज आकडा लिहून सही करायची. माझी सही पाहून रेफूसने विचारलं, हे अक्षर की कोंबडीचा पाय? म्हटलं, तुझ्या बिलावर करेन तेव्हा ओळखशील.

आज पंचवीस. पायाला छान लागतं.

१८ ऑक्टोबर

पाऊस. तीस अंश. बैठकीच्या खोलीत ओलीचे डाग उठलेत. थाळीएवढे, गोल, काळपट. बाकीचा कोबा वाळून पांढरा पडत चाललाय, आणि हे डाग तेवढे ओले. मोजले. दहा.

गेरोल्डला फोन केला. म्हणाला, आई, तू खिडक्या नीट उघडत नाहीस.

२१ ऑक्टोबर

ऊन. तक्त्यावर पंचेचाळीस हवे, काटा सदतीसला अडकलाय. आज सगळे येऊन गेले. नळवाल्याने नळ्यांत हवा दाबून पाहिली: एक थेंब गळत नाही, दोष कोब्याचा. रेफूस म्हणाला, कोबा उत्तम, दोष नळवाल्याचा. मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं. म्हातारी खिडक्या उशिरा लावते, बाहेरचं धुकं आत घेते! मी म्हटलं, धुकं काय गोल थाळ्या करून बसतं? तिघा बाप्यांना एक जमीन वाळवता येत नाही आणि दोष खिडकीचा.

रेफूस म्हणाला, वरची साय यंत्राने घासली की वाळेल. गेरोल्डने दुपारी घासलं. धूळ पांढरी, पण डागांवरची धूळ चिकट. वास आला. दूध आणि लोखंड. हा वास मला ठाऊक आहे. गेरोल्ड झाला त्या दिवशी खोलीत हाच होता. त्याला सांगितलं नाही.

२४ ऑक्टोबर

ढगाळ. परवा प्रत्येक डागाभोवती खडूने वर्तुळ काढलं होतं. कामाच्या माणसाने असंच करायचं असतं. ओल वाढते की घटते ते कळतं. ना वाढली, ना घटली. वर्तुळं मोकळी आहेत, आत कोरडं पांढरं. डाग हातभर पुढे सरकलेत. दहाच्या दहा. सगळे पूर्वेला.

गेरोल्ड म्हणाला, आई, तूच खडू चुकीच्या जागी मारला असशील. पुन्हा काढली वर्तुळं, या वेळी त्याच्या देखत. त्याची सही घेतली.

२५ ऑक्टोबर

वर्तुळं मोकळी. गेरोल्डने सही पाहिली, डाग पाहिले आणि यंत्राची धूळ झाडत बसला. म्हणाला, ओल आतल्या आत सरकते, असं होतं कधीकधी. होतं कधीकधी! सामान पाच तारखेला हलवायचंय ना. त्याला दिसूनही दिसत नाही.

२७ ऑक्टोबर

पाऊस. रेफूस ओल मोजायला आला. कोब्याचा तुकडा छिन्नीने काढायचा, कुटायचा, पोलादी बाटलीत कसल्याशा पुडीबरोबर घालून हलवायचा. वरचा काटा ओल सांगतो. खोलीच्या मधला तुकडा हाडासारखा कोरडा. रेफूसने माझ्याकडे पाहून मिशीत हसून घेतलं. मग डागातला तुकडा काढला. हातात घेतला आणि हसणं थांबलं.

मी जवळ जाऊन पाहिलं. तुकडा ऊन होता. त्यात धागे होते, लालसर, फांद्या फुटलेले. रेफूस म्हणाला, मूळ असेल. मी म्हटलं, कशाचं? प्लॉटवर एक झाड नाही. धाग्याच्या टोकाला थेंब जमला. त्याने तुकडा टाकला. बाटली, छिन्नी, हातोडी तिथेच टाकून गाडीत बसला.

संध्याकाळी गेरोल्डने रेफूसला फोन केला. उचलला नाही.

३१ ऑक्टोबर

ऊन. सदतीस. गेरोल्डने पंधरावर आणलं, तरी सदतीस. पंप बंद केला, नळ्यांतलं पाणी सोडून दिलं. सदतीस. माणसाच्या अंगाइतकं.

आणि पंप बंद असताना खालून आवाज येतो. टक-टक, टक-टक, भरभर. जमिनीला कान लावला. असा आवाज मी मे महिन्यात ऐकला, मिर्यामबरोबर डॉक्टरकडे गेले तेव्हा, तिच्या पोटावर ते यंत्र ठेवलं होतं.

डाग बैठकीतून बाहेर पडलेत.

२ नोव्हेंबर

धुकं. शेजारच्या पाउलीनबाईंकडे गेले. एक्याण्णव वर्षांच्या आहेत, गावात जन्मल्या, गावात मरणार. मी नुसतं गाडग्यांचं विचारलं. बाई अक्रोड फोडत होत्या, हातातला परत टोपलीत ठेवला.

म्हणाल्या, बाळंतीण सुटली की सुईण वार घेऊन जायची. गाडग्यात घालायची, झाकण लावायची, तळघरात उपडं पुरायची. चंद्र-सूर्य दिसता कामा नये, नाहीतर पोर सुकतं. मी म्हटलं, ती पोरं तर केव्हाच मेली असतील. बाई म्हणाल्या, हो. मोठी झाली, म्हातारी झाली, मेली. पण खाली पुरलेल्या वारांना ते कुणी कळवलं? त्यांना अंधार आणि गारवा होता, म्हणून निजल्या होत्या.

मग विचारलं, तुम्ही उकरलं का हो? मी म्हटलं, गाडगी चांगली होती.

बाईंनी टोपली बाजूला सारली. म्हणाल्या, वार पोरालाच चिकटते, लिडिया. तिला दुसरं काम ठाऊक नाही.

मी खडीवर झटकलं. उन्हात. स्वतःच्या हातांनी. आणि त्यावर आम्ही ऊब सोडली.

४ नोव्हेंबर

गेरोल्डला सगळं सांगितलं. म्हणाला, आई, तू दमलीयस. म्हणाला, सगळं घर फोडू का आता, तुझ्या गाडग्यांपायी? मी म्हटलं, फोड. सिमेंटचा कर. माझ्या बँकेतलं सगळं घे. दार आपटून गेला.

आजवर त्याने माझ्यावर दार आपटलं नव्हतं.

९ नोव्हेंबर

मुलगी झाली. तीन आठवडे आधी. नाव फ्रीडा. दोघी ठीक. गेरोल्ड फोनवर रडला, मीही — लिहिते, खोटं कशाला.

आज डाग पाळण्याच्या खोलीच्या उंबऱ्याशी आहेत. सकाळी तिथे नव्हते. ती रडली तेव्हा सरकले असतील.

शुक्रवारी घरी आणतो म्हणाला. म्हटलं, आणू नकोस. म्हणाला, सामान आधीच हलवलंय, दुसरी जागा नाही. भाड्याच्या जागेत दुसरा भाडेकरू आला.

११ नोव्हेंबर

पार्सली उपटली. मुळं लाल होती. गाडगी पुसली. एकेक डागावर एकेक उपडं ठेवलं. गाडगं टेकलं की खालून ओढ लागते, हात ओढला जातो. मग कोबा कोरडा. पांढरा. आवाज एकाने कमी.

नऊ झाली.

दहावं मी खडीत टाकलं होतं.

१२ नोव्हेंबर

दुसरं भांडं नाही चालत. सुपाचं पातेलं ठेवलं — तळ गंजून गळून पडला. चिनी मातीचा वाडगा — तडा. कुंभाराच्या दुकानातून नवं गाडगं आणलं — त्याकडे फिरकतसुद्धा नाही. दहावा डाग खोलीत आलाय. पाळण्याखाली. आता डाग गोल नाही. लांबट. एका बाजूला शेपूट — नाळेसारखं — वर चढतंय, पाळण्याच्या पायावर —

पाळणा अंगणात ओढला.

१३ नोव्हेंबर

फोन केला. पाया पडते म्हटलं, नका आणू. मिर्याम म्हणाली, ओमा, तुम्हाला आम्ही नकोच आहोत का? काय सांगू तिला? फोन ठेवला.

ओटमारच्या थापीने कोबा खरवडला. रक्त आलं. माझंच — बहुतेक.

पाउलीनबाईंकडे धावत गेले. विचारलं, वार ज्यात मुळात होती तेच हवं का? बाई म्हणाल्या, गाडगं तर नंतरचं. आधी ती कशात होती?

१४ नोव्हेंबर, दुपार

ऊन पडलंय.

जमिनीवर निजले आहे. पालथी. पोटाखाली डाग. झाकला जातो पुरता. चाळीस वर्षांपूर्वीचं पोट, पण आहे अजून. ऊब चांगली लागते, कंबरेला बरं वाटतं —

ओढतंय.

गेरोल्ड, वही तूच उघडशील. वाच आणि ऐक, जन्मात एकदा ऐक. मला उचलू नकोस. उपडं ठेवलेलं गाडगं सरळ करायचं नसतं. ऊन दिसता कामा नये. भिंत घाल, कोबा घाल, सिमेंटचा — वर सिमेंटच, समजलं —

आजूबाजूला कोरडं पडत चाललंय. पांढरं. फ्रीडा इथे रांगू शकेल.

गाडी आली अंगणात. दार वाजलं. ती रडतेय — दणदणीत रडते, आमच्या घरची —

खालचा आवाज थांबला.

नाही. थांबला नाही. टक-टक — भरभर — जमिनीतून नाही येत आता —

गेरोल्ड हाक मारतोय, आई, ऊठ, काय करतेस — हात लावू नकोस, उलथवू नकोस मला, पोटात आहे ती, आत्ताच निजली, आत्ता —

आतून लाथ मारत